‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणण्याआधी

परदेशातल्या स्थळाची चौकशी करताना आपल्याकडे पगार विचारतात, कंपनी विचारतात, घर भाड्याचे की स्वतःचे हेही विचारतात. त्याच्या किंवा तिच्या व्हिसाचा प्रकार कोणता, आणि त्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते का, हा प्रश्न मात्र साखरपुडा उरकल्यावर निघतो. लग्नाला पाच-सहा वर्षे झालेल्यांचीही गत फारशी वेगळी नसते. एकाला ऑनसाइट जाण्याची संधी येते, दुसरा राजीनामा देतो आणि दुसऱ्याच्या करिअरबद्दल घरात एवढेच ठरलेले असते की तिकडे गेल्यावर बघू. या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जोडीदारासोबत राहण्याचा हक्क आणि त्या देशात काम करण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. दोन्ही एकाच वेळी हातात पडतीलच असे नाही. म्हणून दुसऱ्या हक्काची चौकशी आधी करावी, आणि देश, कंपनी, निघण्याची तारीख व राजीनाम्याची तारीख त्या उत्तरावरून ठरवावी. पगाराचा आकडा त्यानंतर पाहिला तरी चालतो.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रातून सर्वाधिक गैरसमज तिथल्याच व्हिसाबद्दल असतात. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पती किंवा पत्नीला एच-४ मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते, पण काम करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येऊ लागला. यातला ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुख्य व्हिसाधारकाच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांच्या मर्यादेपुढे एच-१बी वाढवून मिळालेला असावा लागतो. आय-१४० च्या आधी साधारणपणे कंपनीला ‘पर्म’ नावाची कामगार खात्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यात वर्षाहून अधिक काळ जातो, आणि अनेक कंपन्या ही प्रक्रिया माणूस रुजू झाल्याबरोबर सुरूच करत नाहीत. म्हणजे जोडीदार एच-१बीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल, तर तुमच्या ईएडीचा प्रश्न काही महिन्यांचा नसून काही वर्षांचा आहे. डिसेंबर २०१७ पर्यंत मंजूर झालेल्या, पहिल्यांदाच केलेल्या सुमारे ९१ हजार एच-४ ईएडी अर्जांपैकी ९३ टक्के भारतात जन्मलेल्यांचे होते. ग्रीन कार्डची रांग सर्वांत लांब आपल्याच लोकांची, हे त्याचे कारण. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला ढोबळमानाने सात टक्क्यांहून अधिक कार्डे मिळत नाहीत.

परवाना मिळाला तरी तो स्वतंत्र नसतो. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्या मुदतीत नवी कंपनी सापडली नाही किंवा दुसरा व्हिसा मागितला नाही, तर एच-४ आणि त्यावर उभा असलेला ईएडीही संपतो, मग तुमची स्वतःची नोकरी कितीही उत्तम चाललेली असो. शिवाय ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ उरलेली नाही. नवे कार्ड वेळेत आले नाही तर मधल्या काळात कामावर जाता येत नाही. २०१५ च्या या नियमाला न्यायालयात दीर्घकाळ आव्हान दिले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला, ही दिलाशाची बाब खरी. पण नियम वैध ठरला म्हणजे सरकार तो पुढे बदलणारच नाही, असे नव्हे.

त्याच देशात, त्याच शहरात, कधी कधी त्याच कंपनीत एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीवर, गेलेल्याच्या जोडीदाराची स्थिती अगदी निराळी असते. नोव्हेंबर २०२१ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या पती-पत्नींना वेगळा ईएडी न घेता काम करता येते. विमानतळावर प्रवेश मिळाल्यावर आय-९४ या नोंदीत ‘एल-२एस’ असा संकेत आला की तोच कामाच्या परवानगीचा पुरावा. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या आयटी कंपन्या माणसे दोन्ही मार्गांनी पाठवतात, आणि एचआरला नेटाने विचारले तर निवडीला कधी कधी वाव असतो. एल-१ ला तोटेही आहेत. कंपनी बदलता येत नाही आणि मुदत पाच किंवा सात वर्षांवर संपते. त्यामुळे ज्याचा व्हिसा आहे त्याला एच-१बी सोयीचा वाटतो. सोबत जाणाऱ्याला मात्र पहिल्या आठवड्यापासून नोकरी शोधता येणे आणि चार वर्षे थांबणे यांत निवड करायची असते. हा निर्णय एकाच्या सोयीने होऊ नये, एवढेच म्हणणे. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले आहे. त्यामुळे एच-१बी की एल-१ हा प्रश्न आता कंपन्यांच्या बाजूनेही नव्याने उभा राहिला आहे.

जर्मनीचा नियम वाचला की धोरण वेगळे असू शकते हे दिसते. तिथल्या ब्लू कार्डधारकाच्या, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवासपरवाना असलेल्याच्या, जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची ए१, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा द्यावी लागत नाही, आणि निवासपत्र हाती पडताच कोणतीही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करण्याची मुभा असते. कंपनीच्या हमीची गरज नाही, एच-१बीसारखी सोडतही नाही. कागदावर जर्मनी इतका मोकळा आहे. पण भाषेची अट व्हिसाच्या दारात नसली तरी नोकरीच्या दारात असतेच. बर्लिन किंवा म्युनिकमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजीवर निभते. हिशेबनीस, शिक्षक, फार्मासिस्ट, बँकेतला अधिकारी यांचे निभत नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने बी१ पातळी गाठायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. म्हणजे व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे महिने पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गात घालवले, तर ते महिने नोकरी शोधण्यातच गेले असे समजावे. व्हिसाला ए१ लागत नाही म्हणून क्लास न लावणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

जर्मनीतली आणखी एक गोष्ट, जी सोबत आलेल्याच्या नजरेतून सहज सुटते. लग्न झालेल्यांना करवर्ग निवडता येतो. जास्त कमावणारा तिसऱ्या वर्गात आणि कमी कमावणारा पाचव्या वर्गात गेला, की घरात दरमहा येणारी एकूण रक्कम वाढते. पण पाचव्या वर्गातल्याच्या पगारपत्रकावर कपात भरमसाट दिसते, आणि ‘तुझा पगार करातच जातो, मग नोकरी कशाला’ असे संवाद सुरू होतात. वर्षअखेरच्या विवरणात दोघांचा कर एकत्र मोजला जातो, त्यामुळे ते गणित खरे नसते. खरी झळ वेगळ्या ठिकाणी बसते. बाळ झाल्यावर मिळणारा पालक भत्ता आणि नोकरी गेल्यावर मिळणारा बेकारी भत्ता हे हातात येणाऱ्या निव्वळ पगारावर ठरतात, आणि पाचव्या वर्गात तोच आकडा लहान असतो. दोघेही नोकरी करणार असाल तर लग्नानंतर आपोआप मिळणारा चौथा-चौथा वर्ग बदलण्याआधी कागद घेऊन बसावे.

इतर देशांबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मोकळीक आहे, आणि लग्न झालेले नसले तरी टिकाऊ नाते सिद्ध करता येते. लग्नाला भारतात कायदेशीर मान्यता नसलेल्या समलिंगी जोडप्यांसाठी हे मोलाचे आहे. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या व्यक्तीच्या जोडीदाराला जवळपास कोणतेही काम करता येते. मात्र मार्च २०२४ पासून तिथे नव्याने गेलेल्या केअर वर्कर मंडळींना कुटुंब आणताच येत नाही, आणि जानेवारी २०२४ पासून संशोधनाखेरीज इतर अभ्यासक्रमांच्या नव्या विद्यार्थ्यांनाही नाही. कॅनडाने जानेवारी २०२५ मध्ये जोडीदाराचा खुला कार्यपरवाना ठरावीक व्यवसायांपुरता आणि अभ्यासक्रमांपुरता आवळला. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या चुलतभावाचा अनुभव तिथे आता उपयोगाचा नाही. सिंगापूरमध्ये मे २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या व्यक्तीला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या प्रायोजकत्वावर राहूनही काम करता येते, फक्त नोकरी देणाऱ्या कंपनीने कामगार मंत्रालयाचा परवाना काढायचा असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. अमेरिकेतल्या एका पगारात घर चालून शिल्लक पडते, तर युरोपातल्या दोन पगारांतही तेवढी पडेलच असे नाही. मग दुसऱ्याने काही वर्षे घरी राहिले तर बिघडले कुठे? घरखर्चाच्या वहीत हा हिशेब बरोबर ठरू शकतो, हे मान्य करायला हवे. पण ती वही एका वर्षाची असते. सहा वर्षे काम न केलेल्या माणसाची सातव्या वर्षाची कमाई त्याच्या जुन्या पगारापासून सुरू होत नाही, आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तर जुना अनुभव मोजलाच जात नाही. भारतातला पीएफ थांबलेला असतो. अमेरिकेतले स्वतःच्या नावाचे निवृत्तिवेतन मिळायला कामाची साधारण दहा वर्षे भरावी लागतात, आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने इकडची वर्षे तिकडे मिळवता येत नाहीत. जर्मनीशी असा करार आहे. शिवाय सगळे घर एकाच नोकरीवर आणि एकाच व्हिसावर उभे असते, तेव्हा त्या साठ दिवसांची भीती दोघांनाही असते. ज्याची नोकरी आहे तो वाईट वरिष्ठ सहन करतो, पगारवाढ मागत नाही, कंपनी बदलायला धजावत नाही. दुसऱ्याला काम करता येणे ही कमावणाऱ्याचीही सुटका असते, आणि तो हे सहसा आधी ओळखत नाही.

दुसरा आक्षेप तरुण जोडप्यांकडून येतो: आता सगळे वर्क फ्रॉम होम आहे, भारतातलीच नोकरी लॅपटॉपवर चालू ठेवू. ही कल्पना जितकी सोपी वाटते तितकीच अडचणीची आहे. एच-४ वर असताना अमेरिकेत बसून भारतीय कंपनीचे काम करणे हे बेकायदा काम धरले जाऊ शकते, आणि त्याची किंमत पुढे ग्रीन कार्डच्या टप्प्यावर मोजावी लागू शकते. पगार पुण्याच्या खात्यात जमा होतो, एवढ्याने बचाव होत नाही. जिथे व्हिसा कामाला आडकाठी करत नाही, उदाहरणार्थ जर्मनीत, तिथेही कर आणि विमा कोणत्या देशात भरायचा हा प्रश्न उरतो, आणि तुमच्या तिथे बसून काम करण्याने कंपनीवरही करदायित्व येऊ शकते. म्हणून व्यवस्थापकाने गप्पांत दिलेला होकार धरून चालू नये. एचआर आणि कर विभागाची लेखी परवानगी मागावी. ती मिळत नसेल तर नकार आला असे समजावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो भावनेचा आहे. सोबत राहण्यासाठी जायचे तर त्यात परवाना, करवर्ग, निवृत्तिवेतन असला हिशेब कशाला, नात्यात एवढा व्यवहार बरा नव्हे. खरे तर व्यवहार आधी न केल्याने तो नंतर नात्यातच शिरतो. प्रत्येक खर्चासाठी कार्ड दुसऱ्याच्या नावाचे, घरभाड्याचा करार दुसऱ्याच्या नावाचा, बाहेर पडायला गाडी एकच, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही, अशा स्थितीत दोन समजूतदार माणसेही एकमेकांना टोचू लागतात. आणि नाते बिघडलेच तर कायदा काय म्हणतो, हेही माहीत असावे. एच-४ विवाहावर टिकतो, घटस्फोट झाला की तो जातो. जर्मनीत जोडप्याने तिथे तीन वर्षे एकत्र संसार केला असेल, तर जोडीदाराला पुढे स्वतःच्या नावावर राहण्याचा हक्क मिळू शकतो, आणि अत्याचारासारख्या गंभीर प्रसंगी तीन वर्षांची अटही शिथिल होते. ही चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. आयुर्विमा काढताना कोणी मरणाची इच्छा धरत नाही.

आता तुमच्या व्यवसायाकडे या, कारण देशाचा नियम अनुकूल असला तरी पदवी आडवी येऊ शकते. सॉफ्टवेअर, डेटा, डिझाइन, मार्केटिंग यांना परवाना लागत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वकील, शाळेतला शिक्षक यांना लागतो, आणि तो प्रत्येक देशात नव्याने मिळवावा लागतो. फार्मसीचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत परदेशी औषधनिर्मात्यांच्या पात्रता परीक्षेला २००३ पासूनच्या पदवीधरांसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपला बी.फार्म. चार वर्षांचा असल्याने त्या परीक्षेला बसताच येत नाही. फार्म.डी. केलेल्याला येते. हे लग्नाच्या वाटाघाटीत कोणालाच माहीत नसते. जर्मनीत डॉक्टरला बी२ पातळीची जर्मन, वैद्यकीय भाषेची स्वतंत्र परीक्षा आणि पदवी समकक्ष ठरली नाही तर ज्ञानचाचणी, एवढा रस्ता चालावा लागतो. साध्या पदवीधरांनी ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात आपले विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते आजच पाहावे. तुमच्या व्यवसायाला जिथे परवाना लवकर मिळतो, तो देश तुमच्यासाठी चांगला. जोडीदाराचा पगार तिथे थोडा कमी असला तरीही.

मधली वर्षे शिकण्यात घालवावीत, हा सल्ला नेहमी मिळतो आणि तो अर्धा बरोबर आहे. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येते, पण शिक्षणानंतर मिळणारी ओपीटी ही कामाची मुभा एफ-१ विद्यार्थ्यांना असते: १२ महिने, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४. म्हणजे अभ्यासक्रम संपण्याच्या बऱ्याच आधी एफ-१ वर जाण्याचा विचार करावा लागतो. फीचा आकडा आणि पुढच्या एच-१बी सोडतीची अनिश्चितता धरून गणित मांडावे. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ घालवायला घेतलेली पदवी बहुधा महाग पडते.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास अडचण आहे, ती नावाची. महाराष्ट्रात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर दोन्ही बदलले की पासपोर्टवर एक माणूस आणि पदवी, गुणपत्रिका, अनुभवपत्रे यांवर दुसराच, अशी अवस्था होते. परदेशातली पदवी तपासणारी संस्था किंवा परवाना देणारे मंडळ यांना ही पद्धत ठाऊक नसते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. परदेशात काम करायचे असेल तर पदवीवरचे नाव पासपोर्टवर तसेच ठेवणे सर्वांत सोपे. बदलायचेच असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र या दोहोंच्या प्रती कायम जवळ ठेवाव्यात. विवाहाची नोंदणीही हॉलच्या बुकिंगइतक्याच तातडीने करावी. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर नोटिशीचे ३० दिवस आधी मोजा. प्रमाणपत्र मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल. अपोस्टिलसाठी आधी राज्य सरकारचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. अमिरातीसाठी अपोस्टिल चालत नाही, तिथे दूतावासाचे साक्षांकन लागते.

महाराष्ट्र मंडळे परदेशांतल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, लंडनचे तर १९३२ पासून. गणपतीला तिथे जरूर जावे, एकटेपणा कमी होतो. नोकरीसाठी मात्र तेवढ्यावर विसंबू नये, तुमच्या व्यवसायाच्या स्थानिक संघटनेत नाव घालावे.

राहिला राजीनामा. जोडीदाराचे ऑफर लेटर आले म्हणून तो देऊ नये, तुमचा स्वतःचा व्हिसा पासपोर्टवर लागल्यावर द्यावा. त्याआधी बिनपगारी रजा, कंपनीच्या त्या देशातल्या शाखेत बदली, किंवा ठरावीक मुदतीनंतर परत रुजू होण्याची सोय लेखी मागून पाहावी. नाही म्हटले तर काही गमवायचे नसते. निघण्यापूर्वी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवावीत, ती परदेशातून मागवताना महिने जातात. प्रत्येक जुन्या कंपनीकडून नुसते रिलीव्हिंग लेटर न घेता पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि तारखा लिहिलेले अनुभवपत्र घ्यावे. पदवी आणि अनुभव तपासणाऱ्या परदेशी संस्था नेमके हेच मागतात, आणि कंपनी बंद पडली किंवा एचआर बदलला की ते मिळत नाही. तिकडे पोचल्यावर पहिल्या महिन्यात बँक खाते दोघांच्या नावाने उघडावे, आणि भाड्याच्या करारावर दोघांच्या सह्या असाव्यात असा आग्रह धरावा.